तान्ह्या लेकराचे रक्त आणि आपले ताट

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे गाव लोकांना ठाऊक असते ते येमाईदेवीमुळे, नाहीतर तमाशाच्या फडांना वग आणि गाणी लिहून देणारे बी. के. मोमीन कवठेकर यांच्यामुळे. माझ्यासमोर मात्र त्या गावाचे नाव काढले की एक नऊ महिन्यांचे पोर उभे राहते.

मातंग वस्तीतील एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी मी गेलो होतो. त्याची आई दारात नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "गुरुजी, लेकराला कुणाची तरी नजर लागली बघा. चौथ्या महिन्यात मान धरली व्हती. हाक मारली की खुदकन हसायचं. आता नुसतं टकामका बघतंय, मानबी टाकून देतंय." पोर सुकलेले नव्हते, उलट अंगाने भरलेले वाटत होते. पण रंग पांढुरका, केस विरळ आणि तांबूस, आणि बोटांची पेरे मात्र काजळ फासल्यासारखी काळी. हात बारीक थरथरत होते. झोपले की थरथर थांबते, असे आजीने सांगितले. उतारा टाकून झाला होता. एका दवाखान्यातून टॉनिकची बाटली आणून तीही संपली होती.

पुढे पुण्याला नेऊन रक्त तपासले तेव्हा पोराच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतेच. आईच्या रक्तातही तीच गत. इंजेक्शने सुरू झाली आणि काही दिवसांत ते पोर आईकडे पाहून पुन्हा हसू लागले. थरथर जायला मात्र काही आठवडे लागले. वैद्यकशास्त्रात या आजाराला 'इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम' म्हणतात. तान्ह्या मुलांतील या थरथरीची नोंद भारतीय डॉक्टर १९५० च्या दशकापासून करीत आले आहेत. बहुतेक वेळा हे मूल केवळ अंगावर पीत असते आणि त्याच्या आईच्या जेवणात दूध, अंडे, मांस, मासे यांपैकी काहीही नसते.

मला प्रश्न पडला तो पुढचा. मातंगाच्या घरात मांस नाही, हे कसे? उत्तर सरळ होते. सासऱ्यांनी पंढरीची माळ घातली होती आणि त्यांच्याबरोबर सगळ्या घराने वशाट सोडले होते. दारात एक गाय होती, तिचे दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जात होते. चहापुरते वाटीभर उरे. म्हणजे प्रतिष्ठेसाठी मांस गेले आणि पैशासाठी दूध गेले. बाळंतिणीच्या ताटात राहिली बाजरीची भाकरी, आमटी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. आपले कार्यकर्ते 'कुपोषण' हा शब्द वापरतात तेव्हा त्यांच्या मनात उपाशी, हाडे निघालेले मूल असते. पण पोट भरलेल्या, गुबगुबीत मुलाचे रक्तही रिते असू शकते. भाकरीतून उष्णता मिळते, अंग हलते. रक्त, मेंदू आणि डोळे घडण्यासाठी मात्र लोह, जस्त, आयोडीन आणि निरनिराळी जीवनसत्त्वे लागतात, आणि तीही अगदी थोडी. ब-१२ ची मोठ्या माणसाची दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे चिमटीतही दिसणार नाही एवढी. तेवढे मिळाले नाही की रक्तपेशी नीट तयार होत नाहीत आणि मज्जातंतूंवरचे आवरण घडत नाही. वर्षाच्या आतील मुलाचा मेंदू झपाट्याने वाढत असतो, त्यामुळे पहिला घाव तेथेच बसतो. शेतात पिकणाऱ्या कोणत्याही धान्यात, डाळीत किंवा भाजीत ब-१२ नसते. ते सूक्ष्म जंतू तयार करतात, आणि जनावरांच्या शरीरातून, दुधातून, अंड्यातून ते आपल्याकडे येते.

लोहाची गोष्ट वेगळी आहे. मूल पोटात असताना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आईकडून लोह साठवून घेते आणि जन्मल्यावर साधारण सहा महिने त्या शिदोरीवर जगते. आईच्या दुधात लोह थोडेच असते, पण ते चांगले पचते, आणि आईला रक्तक्षय असला तरी दुधातले लोह फारसे घटत नाही. शिदोरी मात्र घटते. दिवस भरण्याआधी जन्मलेले किंवा कमी वजनाचे मूल ती अर्धीमुर्धीच घेऊन येते. ब-१२, अ जीवनसत्त्व आणि आयोडीन यांच्या बाबतीत दूधही आईच्या ताटावर अवलंबून असते. आईत नसेल तर दुधात उतरत नाही. म्हणून तान्ह्या मुलाच्या पोषणाचा विचार मुलापासून सुरू करणे ही मुळातच चूक आहे. तो आईच्या ताटापासून, किंबहुना ती आई होण्याच्या आधीपासून सुरू झाला पाहिजे.

कवठ्याचे ते घर एकटे नाही, हे मला पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या कामामुळे कळले. या रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्य केंद्र डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात शिरूर तालुक्यातच, वढू बुद्रुक येथे उभे केले. आपल्या वाचकांना वढू बुद्रुक ठाऊक आहे ते गोविंद गोपाळ यांच्या समाधीमुळे. तेथे जाल तेव्हा हेही पाहून यावे. याच रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुणे जिल्ह्यातील सहा गावांत एक मोठा अभ्यास हाती घेतला. गर्भारपणापूर्वीपासून स्त्रियांची वजने, उंची, जेवण, रक्त यांची नोंद ठेवली आणि पुढे त्यांची मुले वर्षानुवर्षे तपासली. या शेतकरी बायकांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास भरले आणि त्यांच्या बाळांचे २.७ किलोच्या आसपास. गरोदर स्त्रियांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश जणींच्या रक्तात ब-१२ कमी होते. आणखी एक गोष्ट निघाली. बाळाचा आकार आईने किती भाकरी खाल्ल्या यावर ठरत नव्हता. ज्यांच्या जेवणात दूध, पालेभाजी आणि फळे वरचेवर होती, त्यांची बाळे मोठी होती.

म्हणजे हे दुखणे केवळ आपल्या वस्त्यांचे नाही. मांसाहाराचे वावडे नसलेल्या पण तो सणासुदीलाच परवडणाऱ्या, दूध विकून घर चालवणाऱ्या साऱ्या गावाचे ते आहे. 'शुद्ध' आहाराची जी महती आपल्याला शतकानुशतके सांगितली गेली, ती रक्ताच्या तपासणीत टिकलेली नाही. दूध-दुभते मुबलक असणाऱ्याचे शाकाहारावर भागते. दूध विकणाऱ्याचा आणि दूध विकत घ्यावे लागणाऱ्याचा शाकाहार म्हणजे नुसते धान्य.

आता आपल्या ताटाबद्दल बोलू. ते बोलताना आजही अनेक शिकलेल्या मित्रांची मान खाली जाते. रक्ती, वजडी, मुंडी, पाय, काळीज, चान्या ही आपल्या आज्यांच्या चुलीवरची नावे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात (२०१५) महार-मांगांच्या या स्वयंपाकाची नोंद केली, हे फार बरे झाले. पोषणाच्या तक्त्यात पाहिले तर लोह, ब-१२, अ जीवनसत्त्व आणि जस्त यांच्या रांगेत काळीज सर्वांत वर दिसते, आणि रक्तात लोह भरपूर. मांसातले लोह भाजीतल्या लोहाच्या दुप्पट-तिप्पट सहजतेने अंगी लागते. ज्या अन्नावरून आपल्याला हीन ठरवले, त्यातच बाळंतिणीला आणि बाळाला लागणारे सारे होते, हे आज शास्त्र सांगते.

पण येथे भाबडे होऊ नये. त्या काळी आपल्या वस्त्यांत मुले धडधाकट होती असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मधील बाळंतिणींची उपासमार वाचलेल्या माणसाला असे म्हणता येणार नाही. ते मांस रोज नव्हते. ढोर मरेल तेव्हा होते, आणि त्याची किंमत माणूसपणाने मोजावी लागत होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले ते या किमतीकडे पाहून. ते बरोबरच होते, आणि त्यावर आज वाद उकरण्यात अर्थ नाही. प्रश्न असा आहे की त्या मांसाची जागा ताटात कशाने भरून निघाली? सन्मानाने विकत घेतलेल्या ताज्या मांसाने, दुधाने, अंड्याने ती भरायला हवी होती. त्यासाठी जमीन किंवा मजुरी हवी होती. ती मिळाली नाही. पुष्कळ घरांत मृत मांस गेले, आणि हळूहळू मांसच गेले. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे गरिबाला परवडणारे मांस आणखी दूर गेले. म्हशीचे चालते म्हणतात, पण भीतीला कायद्याची कलमे कळत नाहीत.

सरकार काय देते? गरोदर बाईला लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी देते. ती घेतलीच पाहिजे. फॉलिक अॅसिडच्या अभावी बाळाच्या मणक्यात आणि मेंदूत जन्मजात दोष राहू शकतो. पण त्या गोळीत ब-१२ नाही. याज्ञिकांच्या अभ्यासातली मुले सहा वर्षांची झाली तेव्हा ज्यांच्या आयांच्या रक्तात फॉलेट जास्त आणि ब-१२ कमी होते, त्यांच्यात इन्शुलिनचा परिणाम सर्वांत कमी होताना दिसला. हा मधुमेहाच्या वाटेवरचा पहिला टप्पा. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. यावरून गोळी बंद करा असे कोणी समजू नये. गोळी अर्धी आहे, एवढेच समजावे. त्याच गावांत, त्याच मुलांना ती वयात आल्यावर, २०१२ पासून दिवसाला दोन मायक्रोग्रॅम ब-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो हे पाहिले गेले.

सहा महिन्यांवरच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध द्यायचे, असे २०१८ पासूनच्या 'अॅनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात ठरले आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. आणि तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांतील रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५३.८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ६८.९ टक्के झाले. कार्यक्रम वाढले आणि रक्त घटले.

अंगणवाडी १९७५ पासून आहे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तेथून घरी न्यायचा शिधा मिळतो. हे पाकिटातले पीठ वस्तीत कोंबड्यांपुढे टाकलेले मी पाहिले आहे. त्यावरून आया बेफिकीर आहेत असा शेरा मारणाऱ्यांनी ते एकदा स्वतः शिजवून खावे. १९७२ च्या दुष्काळात कामावर मिळणारी सुकडी निदान खाववत तरी होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये दोन गोष्टी सांगितल्या होत्या: या आहाराच्या पुरवठ्यात ठेकेदार नकोत, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत अंगणवाड्या लवकरात लवकर उघडा. आपल्या वस्तीतली अंगणवाडी गावठाणात, देवळाशेजारी असेल आणि आपली पोरे तेथे जायला बिचकत असतील, तर हा आदेश कार्यकर्त्यांनी अर्जात लिहावा.

अंड्याची कथा तर सगळ्यांसमोर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडे दिले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. अंडे द्यायचे तर लोकवर्गणीतून द्या, म्हणाले. तान्ह्या मुलांच्या अंगणवाडीत अंडे किंवा केळी मिळते ते अमृत आहार योजनेत, आणि ती योजना आहे अनुसूचित क्षेत्रापुरती. शेजारच्या आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडील आदिवासी गावांना ती लागू आहे, कवठ्याला नाही. आदिवासींना मिळते ते योग्यच आहे. पण ज्या मुलाच्या रक्तात लोह नाही ते नदीच्या कोणत्या काठावर जन्मले, याने काय फरक पडतो?

ऊस हा या भागातला दुसरा मोठा धडा. हंगामात बीड-पाथर्डीकडून तोडणी कामगारांची बिऱ्हाडे येतात, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत बाईला बाळंतपणाची उसंत नाही, कारण ती बसली की कोयता मोडतो. दीड-दोन महिन्यांचे मूल बांधावर झोळीत आणि आई फडात. अंगावर पाजायचे ते सुट्टीत. मग चौथ्या महिन्यातच चहात बुडवलेले बिस्किट मुलाच्या तोंडात जाते. चहा लोहाला आतड्यात धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला आणि हा भार सरकारने उचलावा अशी भूमिका घेतली. १९२९ मध्ये तो कायदा झाला. कोपीतल्या बाईपर्यंत तो हक्क अजून पोचलेला नाही.

उसाने आणखी एक गोष्ट नेली. तांदुळजा, घोळ, पाथरी, चाकवत, कुर्डू ही बांधावरची भाजी भूमिहीनाची होती, तिला दाम पडत नव्हता. तणनाशक फवारू लागले तशी ती गेली. आता तीच पालेभाजी बाजारातून जुडीच्या भावाने आणावी लागते.

बाकीच्या अभावांबद्दल थोडक्यात. अ जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो, पांढऱ्या बुबुळावर फेसासारखा डाग दिसतो. तो दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ड जीवनसत्त्व कोणत्याच आईच्या दुधात पुरेसे नसते, ते उन्हातून मिळते. अंधाऱ्या खोलीत गुंडाळून ठेवलेल्या मुलाला मुडदूस होतो, पाय वाकतात. आयोडीन मिठातून येते, म्हणून खडेमिठाऐवजी आयोडीनयुक्त मीठ. जस्त कमी असलेल्या मुलाला हगवण लागली की ती लवकर थांबत नाही, म्हणून ओआरएसबरोबर चौदा दिवस जस्ताची गोळी देतात. आणि जे पोर भिंतीची माती चाटते त्याला मारू नये, त्याचे रक्त तपासावे.

आया विचारतात, "मग घालू तरी काय?" मी सांगतो ते असे. बाळ जन्मल्यावर नाळ लगेच कापू नका असे सुईणीला, नर्सला सांगा. एक ते तीन मिनिटे थांबले की नाळेतले रक्त बाळात उतरते आणि त्याची लोहाची शिदोरी वाढते. याला पैसा लागत नाही. पहिला चीक पिळून टाकू नका. सहा महिने केवळ अंगावरचे दूध, आणि त्या काळात आईला रोज दूध किंवा अंडे, आठवड्यातून दोनदा तरी सुकट, बोंबील किंवा मांस. डेअरीला जाणाऱ्या दुधातले दोन पेले घरात राहिले पाहिजेत. माळकरी घरात दूधही नसेल तर डॉक्टरांना विचारून ब-१२ ची गोळी. सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण लांबवू नका. घट्ट खिचडीत पालेभाजी घोटून, वर लिंबाचे दोन थेंब. लिंबाने भाजीतले लोह पचते. उकडलेले अंडे कुस्करून. कोंबडीच्या दुकानात कलेजी-पेटा स्वस्त मिळतो. त्यातली कलेजी नीट शिजवून, बोटाने चुरून, आठवड्यातून एकदा चमचाभर. सुकट मुलाला देताना खूप वेळा धुवावी, मीठ जास्त असते. चहा अजिबात नाही.

हे सांगताना माझ्या मनात एक टोचणी असते. मी शिक्षक, माझ्या घरी दूध येते. ज्या बाईच्या हाती घरखर्चही नाही तिला मी काय खायचे ते सांगतो आहे. म्हणून हल्ली मी हे एकट्या सुनेला सांगत नाही. सासू, नवरा, सासरा सगळ्यांना बसवून सांगतो. डेअरीचे कार्ड बहुधा सासऱ्याच्या नावावर असते.

कवठ्याच्या त्या घरी परत गेलो तेव्हा पोर भिंतीला धरून उभे राहत होते. आजीने चार कोंबड्या पाळल्या होत्या. सासऱ्यांना हे पसंत नव्हते, असे दिसले. ते माझ्याशी पाण्यापुरतेच बोलले. आजीने मागच्या पडवीत तीन विटांची वेगळी चूल मांडली होती. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "माळ माझ्या गळ्यात हाय गुरुजी, त्याच्या न्हाई." मग तिने विचारले की अंड्यातले पिवळे आधी द्यायचे का पांढरे, आणि सुनेचे पुढचे इंजेक्शन कोणत्या तारखेला आहे ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मागितले.